इसारपावतीचा व्यापार

१९२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मायामी शहरात जमिनीपेक्षा पावत्यांचा व्यवहार जोरात होता. प्लॉटच्या किमतीचा साधारण दहावा हिस्सा भरला की ‘बाइंडर’ मिळे, म्हणजे आपली इसारपावतीच. पहिला मोठा हप्ता भरायला महिन्याभराची सवड असे. ती संपण्याआधी पावती नफ्यावर दुसऱ्याला विकायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. हा उद्योग करणाऱ्या पोरांना ‘बाइंडर बॉईज’ असेच नाव पडले. जमीन पाहण्याची गरज त्यांना नव्हती. गिऱ्हाईक आटले तेव्हा शेवटच्या माणसाच्या हाती पावती राहिली आणि डोक्यावर हप्ता. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळात उरलीसुरली हौसही फिटली.

दलालांना परवाना लावणारे कायदे तोवर येऊ लागले होते. कॅलिफोर्नियाने असा कायदा १९१७ मध्ये केला, न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, १९१९ मध्ये तो पुन्हा आणला गेला. (आग्रह दलालांच्या संघटनांचाही होता, गिऱ्हाइकाच्या रक्षणाबरोबर धंद्याला कुंपणही हवेच होते.) या कायद्यांचा गाभा असा, की मोबदला घेऊन दुसऱ्याची मालमत्ता विकणाऱ्याला परवाना हवा, स्वतःची विकणाऱ्याला नको.

आजचा ‘होलसेलर’ याच फटीतून शिरतो. समजा, एखाद्या वृद्धेचे मोडकळीस आलेले घर एक लाख डॉलरला घेण्याचा करार त्याने केला, किरकोळ इसार दिला आणि खरेदीखताआधीच तो करार सव्वा लाखाच्या हिशेबाने तिसऱ्याच्या नावे करून दिला. मधले पंचवीस हजार त्याचे. परवाना विचारला तर उत्तर तयार असते: मी घर विकत नाही, माझा करार विकतो. हे उत्तर निव्वळ चलाखीचे नाही. खरेदीचा करार झाला की घेणाऱ्याचा मालमत्तेत हितसंबंध निर्माण होतो, हे इंग्लंडच्या इक्विटी न्यायालयांचे तत्त्व अमेरिकेने उचलले. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५४ वे कलम नेमके उलट सांगते: नुसत्या साठेखताने मालमत्तेत हक्क उत्पन्न होत नाही.

वृद्धेला मात्र समोरचा माणूस घर घ्यायला आला आहे असेच वाटलेले असते. तिसरा गिऱ्हाईक मिळाला नाही, तर करारातल्या एखाद्या पळवाटेने तो निघून जातो आणि तिचे महिने वाया जातात. मला यात परवान्यापेक्षा हा गैरसमज अधिक गंभीर वाटतो.

कायदे मात्र परवान्याभोवतीच फिरले. इलिनॉयने २०१९ मध्ये बारा महिन्यांत असे दोन वा अधिक व्यवहार करणाऱ्याला परवाना सक्तीचा केला. म्हणजे वर्षाला एक माफ! ओक्लाहोमाने २०२१ मध्ये करारातील हक्काची जाहीर विक्री करण्यालाच परवाना लावला. दक्षिण कॅरोलिनाने २०२४ मध्ये होलसेलिंगवर बंदीच घातली, पण व्याख्येतच नोंदवले, की करारातील हक्क दुसऱ्याला देणे म्हणजे होलसेलिंग नव्हे. तेव्हा मालक होण्याआधी ‘घर विकणे आहे’ अशी जाहिरात तिथे चालत नाही, ‘करार देणे आहे’ अशी चालते. आता या दुसऱ्या जाहिरातीत घराचे छायाचित्र छापले, तर विकायला काढले काय?