‘आझाद हिंद’चं तिकीट खरं की बनावट? युद्धकाळातली टपाल तिकिटं अशी तपासा

शेगाववरून जाणारी पुणे-हावडा आझाद हिंद एक्सप्रेस आपल्याला माहीत असते. पण ‘आझाद हिंद’ नावाची टपाल तिकिटंही होती, हे अनेकांना ठाऊक नसतं. सोशल मीडियावर मात्र ती ‘दुर्मिळ, नेताजींच्या काळातली’ म्हणून विकायला येतात. पैसे देण्याआधी किंवा आजोबांच्या अल्बममधलं तिकीट विकण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊ.

युद्धात तिकिटांची नक्कल कशासाठी?

पैसे वाचवणं हा हेतू क्वचितच असायचा. खरं कारण होतं प्रचार. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ब्रिटिश तिकिटांची विडंबनं छापली. १९३७ च्या राज्याभिषेकाच्या तिकिटावर राणीच्या जागी चक्क स्टॅलिन बसवला. अमेरिकेने ‘ऑपरेशन कॉर्नफ्लेक्स’मध्ये हिटलरच्या तिकिटाची नक्कल केली. फेब्रुवारी १९४५ पासून जर्मन टपालगाड्यांवर बॉम्बहल्ले करून तिथेच बनावट पत्रांच्या पिशव्या टाकल्या गेल्या, म्हणजे जर्मन टपाल खातंच शत्रूची पत्रकं घरोघरी पोचवेल.

‘आझाद हिंद’ तिकिटं बनावट आहेत का?

नाही. ती १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. नांगर धरणारा शेतकरी, चरख्यावरची स्त्री, परिचारिका, तुटलेली साखळी अशी चित्रं त्यावर आहेत. पण ती टपालासाठी कधी वापरलीच गेली नाहीत. म्हणून ‘त्या काळी पोस्टातून आलेलं पाकीट’ सांगून कुणी विकत असेल, तर तिथेच थांबा.

नाशिकचा संबंध काय?

ब्रह्मदेशाची त्या काळातली तिकिटं नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायची. १९४२ मध्ये जपानी फौजा तिथे शिरल्या आणि या शिल्लक तिकिटांवर राजाच्या चेहऱ्यावर मोराचा छापा मारला गेला. संग्राहकांत मागणी वाढली, तसे बनावट मोरही वाढले. इथे गोम अशी, की तिकीट अस्सल नाशिकचं असतं, खोटा असतो तो फक्त मोर.

घरच्या घरी काय तपासाल?

- कडेचे दाते: दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात, ते मोजा. हा आकडा तिकिटांच्या कॅटलॉगमध्ये दिलेला असतो. कॉर्नफ्लेक्सच्या नकला इथेच पकडल्या जातात: अस्सल जर्मन तिकिटाचा आकडा १४, नकलेचा १२.
- वॉटरमार्क: तिकीट उजेडासमोर धरा. सहाव्या जॉर्जच्या युद्धकाळातल्या भारतीय तिकिटांच्या कागदात ताऱ्यांची ओळ असते.
- छपाई: भिंगातून बघा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले दिसले, तर ते आजच्या कलर प्रिंटरचं काम आहे.
- कागद: नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर संशय घ्या. कागद उजळ करणारी रसायनं युद्धानंतरच सर्रास वापरात आली.
- शिक्का: टपालाच्या शिक्क्याची शाई मोराच्या छाप्याखाली गेलेली दिसली, तर मोर नंतर मारलाय.

एकाच चाचणीवर निकाल लावू नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच पुढे जा.

हे मात्र करू नका

तिकीट धुऊ नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. अस्सल तिकिटाचीही किंमत त्यात जाते. पाकिटावर चिकटलेलं असेल तर पाकिटासकट ठेवा. मोठा व्यवहार असेल, तर फक्त फोटो बघून पैसे पाठवू नका. दोन्ही बाजूंचे स्कॅन मागा आणि तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारा.

मग बनावट तिकिटाची किंमत शून्य?

तसंही नाही. युद्धात गुप्तहेर खात्यांनी छापलेल्या नकला स्वतःच इतिहास झाल्यात, आणि काहींना मूळ तिकिटापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. त्यामुळे आता त्या नकलांच्याही नकला निघतात! म्हणून प्रश्न ‘बनावट आहे का?’ एवढाच नाही. ‘कुणी, कधी आणि कशासाठी बनवलं?’ हेही विचारा.