स्वरतंतू

स्वरतंतू : स्वरयंत्रात समोरून मागे आडव्या ताणलेल्या दोन स्नायुमय घड्या. फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने त्या कंप पावतात आणि आवाजाचा मूळ ध्वनी निर्माण होतो. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात, गिळताना घट्ट मिटतात आणि अन्नकण श्वासनलिकेत जाऊ देत नाहीत. श्वासमार्गाचे रक्षण हेच त्यांचे आद्य कार्य मानले जाते.

रचना : पुढे थायरॉइड कूर्चा (हिचाच पुढे आलेला भाग म्हणजे कंठमणी), तिच्याखाली अंगठीच्या आकाराची क्रिकॉइड कूर्चा आणि क्रिकॉइडच्या मागच्या कडेवर दोन लहान ॲरिटेनॉइड कूर्चा, असा स्वरयंत्राचा सांगाडा असतो. तंतूंची पुढची टोके थायरॉइड कूर्चेला आतून शेजारीशेजारी जोडलेली असतात, मागची दोन्ही ॲरिटेनॉइड कूर्चांना. या मागच्या कूर्चा फिरल्या वा सरकल्या की तंतू जवळ येतात किंवा दुरावतात. तंतूंची लांबी पुरुषांत साधारण 17 ते 25 मिमी., तर स्त्रियांत 12.5 ते 17.5 मिमी. असते. तंतूचा गाभा स्नायूचा आणि त्यावरचे आवरण सैल, मऊ असते. या दोहोंच्या वेगळ्या हालचालींवर आवाज अवलंबून असतो, हे जपानचे मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये मांडले. आवरण ताठरले की स्नायू शाबूत असूनही आवाज घोगरा होतो.

ध्वनिनिर्मिती : बोलण्यापूर्वी तंतू जवळ येऊन मधली फट मिटते. खाली हवेचा दाब वाढतो. नेहमीच्या बोलण्यात तो 5 ते 10 सेंमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. या दाबाने तंतूंच्या खालच्या कडा आधी उघडतात, मग वरच्या. हवेचा झोत निसटतो, तंतू पुन्हा मिटतात, मिटतानाही खालची कडा आधी. मेंदू तंतूंना फक्त जागेवर आणून ताणून ठेवतो. दर कंपनामागची उघडझाप हवा आणि तंतूंची लवचिकता मिळून घडवतात. प्रत्येक कंपन मज्जातंतूच्या स्वतंत्र संदेशाने होते, हे फ्रान्सच्या राऊल युसों यांचे 1950चे मत प्रयोगांपुढे टिकले नाही. याँविलेम व्हान डेन बर्ख यांनी 1958 मध्ये मांडलेली वायू-लवचिकतेची उपपत्ती आज पायाभूत मानतात. तंतू मिटण्यात हवेच्या घटलेल्या दाबाचा वाटा नेमका किती, याबद्दल मात्र मतभेद आहेत.

आवाजातील बदल : गवयाने काळी एकमध्ये मध्य षड्ज लावला की त्याचे तंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा उघडमिट करतात. तार षड्जाला हीच संख्या दुप्पट, 277 होते, आणि खर्जाच्या षड्जाला निम्मी. वर जाताना क्रिकोथायरॉइड स्नायू थायरॉइड आणि क्रिकॉइड कूर्चांमधला कोन बदलतो. तंतू लांब, पातळ आणि ताठ होतात. खाली येताना ते आखूड व जाड होतात. गवई ज्याला ‘फॉल्स’ म्हणतात त्या आवाजात तंतूंच्या पातळ कडाच प्रामुख्याने हलतात. आवाजाचा जोर मुख्यतः खालच्या दाबावर आणि तंतू किती नेटाने मिटतात यावर ठरतो.

तंतूंपाशी निर्माण होते ती केवळ भणभण. तिचा ‘आ’ किंवा ‘ई’ होतो तो घसा, जीभ, ओठ यांच्या बदलत्या पोकळीत. माणूस आवाजावरून ओळखू येतो त्यातही या पोकळीचा मोठा वाटा असतो. श्वासाचे महत्त्वही तितकेच आहे. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यानंतर ख्यातनाम गायक कुमार गंधर्व यांच्या गायकीत छोटे, झेपावणारे स्वरसमूह ठळक झाले. त्यात आजाराचा भाग किती आणि त्यांच्या सांगीतिक विचाराचा किती, यावर जाणकारांचे एकमत नाही.

भाषेतील कार्य : कंठमण्यावर बोट ठेवून ‘स’ आणि ‘झ’ लांबवून म्हटल्यास फरक बोटाला कळतो : ‘स’ अघोष, ‘झ’ घोष. कंठ मिटला की नाद, उघडा राहिला की श्वास आणि मधल्या स्थितीत हकार, असे तैत्तिरीय प्रातिशाख्य या उच्चारशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात सांगितले आहे. आरशाविना, उपकरणाविना केलेले हे निरीक्षण विलक्षण अचूक आहे. मराठीतील घ, ध, भ आणि ‘म्हण’, ‘न्हाणी’, ‘कोल्हा’ यांतील म्ह, न्ह, ल्ह हे ध्वनी या मधल्या स्थितीत, तंतू कंप पावत असतानाच हवा निसटू देऊन उच्चारले जातात.

संशोधनाचा इतिहास : स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू कापल्यावर डुकराचे ओरडणे थांबते, हे प्राचीन वैद्य गेलेनने दाखवले होते. आंत्वान फेरँ (1741) आणि योहानेस म्युलर यांनी मृतांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून प्रयोग केले. जिवंत माणसाचे तंतू गाताना पाहण्याचे श्रेय मात्र मान्वेल गार्सिया (1805–1906) या गायनशिक्षकाकडे जाते. त्यांच्या मारिया मालिब्रान व पोलीन व्हियार्दो या बहिणी युरोपातील नामवंत गायिका होत्या. 1841 मध्ये आवाज थकलेली गायिका येनी लिंड गार्सियांकडे पॅरिसला आली, तेव्हा त्यांनी तिला आधी पूर्ण विश्रांती घ्यायला लावली आणि मगच शिकवायला घेतले. 1854 मध्ये त्यांनी लांब दांड्याचा दंतवैद्याचा आरसा गरम पाण्यात ऊबदार करून स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःच्या तंतूंची हालचाल पाहिली. 1855 मध्ये ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. स्वरयंत्राची आरशाने तपासणी रूढ होण्यास यातून चालना मिळाली. कंपने डोळ्याला टिपता येत नसल्याने आता लुकलुकत्या प्रकाशाचा स्ट्रोबोस्कोप वापरतात.

वयोमान : पौगंडावस्थेत मुलांचा आवाज फुटतो व सुमारे एक सप्तक खाली येतो, मुलींचा थोडाच उतरतो.

विकार : सतत ताणून बोलणारे शिक्षक, गायक, फेरीवाले यांच्या तंतूंच्या कडांवर गाठी येतात. त्या बहुधा विश्रांती व वाचोपचाराने कमी होतात. धूम्रपानाने आवरणाला सूज येते. डाव्या तंतूचा मज्जातंतू छातीत महाधमनीखालून वळून वर येतो, म्हणून छातीतील गाठीनेही आवाज बसू शकतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र आतून तपासून घ्यावे. धूम्रपान करणाऱ्यांनी मुळीच दिरंगाई करू नये. तंतूंचा कर्करोग आवाज बदलून लवकर चाहूल देतो, आणि त्या टप्प्यावर तो बहुधा बरा होतो.