फाटका आवाज

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. खटका दाबल्याबरोबर तो कधीच बोलायचा नाही. आधी तबकडीमागचा दिवा लागायचा, मग आतल्या काचेच्या नळ्या तांबूस व्हायच्या आणि अर्ध्या मिनिटानं, लांबच्या गल्लीतून चालत आल्यासारखा, निवेदकाचा आवाज खोलीत यायचा. शेजारपाजारची पोरं जमली की मी तो वाढवायचो. एका हद्दीनंतर आवाज फाटायचा. मग अब्बा म्हणायचे, "कमी कर रे. त्याचा जीव केवढा, तू मागतोस केवढं!"

हे वाक्य मला गेल्या ईदला आठवलं. पुण्यात शिकणारा माझा भाचा मिरजेला आला होता. सोबत इलेक्ट्रिक गिटार, एक जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि साबणाच्या डबीहून जराशा मोठ्या अशा तीन लोखंडी डब्या. या डब्यांना पेडल म्हणतात, कारण त्या जमिनीवर ठेवून पायानं चालू-बंद करायच्या असतात. दुपारी माडीवरून असा काही आवाज आला की मी जिन्यातूनच ओरडलो, "काय रे हा फाटका आवाज!"

तो दारात आला आणि शांतपणे म्हणाला, "मामू, फाटकाच पाहिजे मला."

मी गप्प झालो. तो शब्द माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका काव्यवाचन स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या नावापुढे शेरा मारला होता : 'आशय चांगला. आवाज फाटका.' त्यानंतर कितीतरी वर्षं मी माझ्या कविता संमेलनांतून दुसऱ्यांकडून वाचून घेतल्या. आणि आता तोच शेरा मी पोराला देऊन मोकळा झालो होतो. म्हणून म्हटलं, या फाटक्या आवाजाचं मूळ तरी बघावं.

हे मूळ त्या काचेच्या नळीत आहे. अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्ट या संशोधकानं १९०६ साली अशा नळीत तारेची एक जाळी बसवली. नळीच्या तापलेल्या भागाकडून समोरच्या पत्र्याकडे विजेचा प्रवाह जातो आणि मधली जाळी कालव्याच्या दारासारखी त्याला कमीजास्त करते. जाळीवर चिमुकली लहर सोडली की पलीकडे तशीच, पण मोठी लहर मिळते. रेडिओ, बोलपट, सभेतला कर्णा, सगळं पुढे यावरच उभं राहिलं.

पण दाराला हद्द असते. पुरतं उघडल्यावर ते आणखी उघडत नाही, पुरतं मिटल्यावर आणखी मिटत नाही. लहर त्याहून मोठी आली की तिचा शेंडा छाटला जातो. आणि गंमत अशी की शेंडा छाटला गेला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे नवे उपस्वर त्यात मिसळतात. तोच आपला 'फाटलेला' आवाज. व्हॉल्व्ह हा शेंडा एकदम कापत नाही. आधी दाबतो, गोल करतो, मग कापतो. म्हणून त्याच्या फाटण्यात एक ऊब असते. अर्थात, इंजिनिअरांच्या लेखी तो दोषच होता. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण गिटारसाठी त्यांनी नामांकित अँप्लिफायर केले, आणि त्यांचा सारा ध्यास आवाज स्वच्छ यावा हाच होता.

आवाज फाडला तो वाजवणाऱ्यांनी. तोही आधी नाइलाजानं. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर यांचा कृष्णवर्णीय तरुणांचा वाद्यवृंद मिसिसिपीतून मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओकडे निघाला होता. वाटेत गिटारवादक विली किझार्ट यांच्या अँप्लिफायरला अपघात झाला. कोणी सांगतं, गाडीच्या टपावरून पडला. कोणी सांगतं, पावसात भिजला. स्पीकरचा कागद फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्स यांनी फाटक्या जागी कागद कोंबला, गिटार वाजवून पाहिली आणि तो घरघरता आवाज तसाच मुद्रित केला. 'रॉकेट ८८' नावाचं ते गाणं त्यांच्या समाजाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं, या वादात आजही त्याचं नाव घेतलं जातं.

पुढे हा दोष मुद्दाम केला जाऊ लागला. लिंक रे हे शॉनी आदिवासी वंशाचे गिटारवादक. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस गेलं होतं; गाणं सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी पेन्सिलीनं स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली आणि १९५८ मध्ये 'रंबल' ही धून बाजारात आली. तिच्यात एकही शब्द नाही. तरीही पोरांच्या टोळ्या बिथरतील म्हणून अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली! शब्दांवर बंदी येते हे मी कवी म्हणून जाणतो. नुसत्या घरघरीवर बंदी आल्याचं मात्र हे एकच उदाहरण मला माहीत आहे. १९६४ मध्ये लंडनच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिस या पोरानं तर आपल्या छोट्या अँप्लिफायरचा कागद दाढीच्या पात्यानं चिरला. 'यू रिअली गॉट मी' या गाण्यात ऐकू येतो तो हाच आवाज.

पण दर वेळी स्पीकर कोण फाडणार? उत्तर आलं नॅशव्हिलमधून, आणि तेही बिघाडातूनच. १९६० मध्ये तिथं मार्टी रॉबिन्स यांचं 'डोन्ट वरी' हे गाणं मुद्रित होत होतं. ग्रेडी मार्टिन यांचं वाद्य जोडलेला यंत्राचा भाग ऐनवेळी बिघडला आणि मधाच्या पोळ्यासारखी गुणगुण आली. ती गाण्यात तशीच ठेवली गेली, आणि गाणं गाजलं. मग इतरांनाही तोच आवाज हवा झाला. पण तोवर यंत्राचा तो भाग पुरताच निकामी झाला होता! तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तोच बिघाड एका डबीत उभा केला. गिब्सन कंपनीनं ती कल्पना घेतली आणि १९६२ मध्ये 'मॅस्ट्रो फझ-टोन' ही डबी विकायला आणली. गिटार तुतारीसारखी, चेलोसारखी वाजेल, अशी तिची जाहिरात होती. तुतारीसाठी लोक गिटार कशाला घेतील? डबी पडून राहिली. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरुवातीची ओळ तिच्यावर वाजवली. तीही कच्च्या आराखड्यासारखी. तिथं पुढे खरी वाद्यं घालायचा त्यांचा विचार होता. पण आराखडाच छापून गेला, आणि दुकानांतल्या डब्या संपल्या.

याच सुमारास लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणारे जिम मार्शल आपल्या दुकानात अँप्लिफायर बनवू लागले होते. नमुना होता फेंडर यांचाच. पण भाग बदलले, स्वभाव बदलला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या तबकडीसाठी मार्शलचा अँप्लिफायर स्टुडिओत इतक्या मोठ्यानं वाजवला की मुद्रण करणारे वैतागले. क्लॅप्टन यांचंही बरोबर होतं. व्हॉल्व्ह हद्दीला पोचल्याशिवाय तसा बोलत नाही, आणि तो हद्दीला पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचे कान हद्दीपलीकडे जातात.

हा पेच सोडवायला दुसऱ्या जातीची डबी आली. ती स्वतः फारशी फाडत नाही. गिटारची लहर थोडी मोठी करून व्हॉल्व्हच्या दारात नेऊन सोडते. 'क्वीन'चे ब्रायन मे अशीच एक डबी व्हॉक्स कंपनीच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरपुढे लावायचे. याच 'क्वीन'चे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले, आणि आपला पहिला वाद्यवृंदही त्यांनी तिथेच काढला. जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी रचलेली 'ट्यूब स्क्रीमर' ही हिरवी डबी १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि ओव्हरड्राइव्ह म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येऊ लागली. टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन ती फेंडरच्या अँप्लिफायरपुढे वाजवत.

हे सारं वाचून झाल्यावर मी माडीवर गेलो आणि भाच्याला म्हटलं, "आता दाखव."

त्यानं आधी नुसता अँप्लिफायर लावला. नॉब अशा जागी आणला की तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडली तर कडेला किंचित खरखर. "ही खरी जागा, मामू. काठ." मग हिरवी डबी पायानं दाबली. तिचा 'ड्राइव्ह' जवळजवळ शून्यावर होता आणि 'लेव्हल' पुरती वर. म्हणजे डबीनं फाडायचं नाही, नुसतं ढकलायचं. फाटायचं ते व्हॉल्व्हनं. ही डबी खर्जाचा भाग थोडा कमी करते आणि मधल्या स्वरांना पुढे आणते, त्यामुळे आवाज भरतो पण फुगत नाही. मग त्यानं गिटारवरचा नॉब करंगळीनं जरा मागे घेतला आणि तोच आवाज निवळला. डबी तीच, अँप्लिफायर तोच, मागणं तेवढं कमी झालं. अब्बांचंच वाक्य!

दुसरी डबी डिस्टॉर्शनची. तिच्यासाठी त्यानं अँप्लिफायर स्वच्छ ठेवला, कारण ही डबी शेंडे स्वतःच छाटते. दोन्हीही पुऱ्या ताणल्या तर काय होतं तेही त्यानं वाजवून दाखवलं. चिखल. चार-पाच स्वर एकत्र छेडले की त्यांचे उपस्वर एकमेकांशी भांडतात. "म्हणून आम्ही बऱ्याचदा दोनच स्वर घेतो," तो म्हणाला आणि त्यानं वाजवले. मी ऐकतच राहिलो. ते आपले षड्ज आणि पंचम होते.

आणि मग मला आमची सतारमेकर गल्ली आठवली. लहानपणी मी तिथं तासन्‌तास बसायचो. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. तार घोडीला नेमकी घासू लागली की नुसता टणटणणारा तंबोरा एकदम गुंजायला लागायचा. तिला आपण जवारी म्हणतो. तीही एक घासणीच, आणि तिच्यातूनही उपस्वरच जागे होतात. न छेडलेला स्वयंभू गंधार कानावर येतो तो त्यामुळेच. तंबोरा आणि ही गिटार, दोघांची घराणी वेगळी आणि रीतही वेगळी. पण त्या कारागिरांना कोणी 'आवाज घासतोय' असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. घासायलाच तर ते बसले होते.

असे व्हॉल्व्ह आज रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांतले थोडे कारखाने बनवतात. घराघरांतल्या रेडिओंतून ते कधीच गेले. या नळ्यांचा धंदा आज मोठ्या प्रमाणात टिकून आहे तो गिटार वाजवणाऱ्यांमुळे, म्हणजे ज्यांना त्यांचा दोष आवडला त्यांच्यामुळे.

भाचा पुण्याला जायला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी जिन्यातून बोललो ते चुकलं माझं." तो हसला. "मामू, तुम्ही बरोबरच बोललात. फाटकाच होता." मग जाता जाता म्हणाला, "पुढच्या खेपेला तुमची एक कविता वाचा. मी मागे वाजवतो. दुसऱ्या कुणाला वाचायला लावू नका मात्र."

हे भाषण मुद्रित करताना काचेपलीकडच्या तंत्रज्ञांनी विचारलं, "आवाज जरा खरखरतोय, थोडा साफ करू का?"

मी म्हटलं, "राहू द्या."