पेशवे दप्तर : इनामदारांचे हक्क, सरकारची धास्ती आणि संशोधकांचा प्रवेश

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. नव्या सत्तेने ते जपले, पण इतिहासप्रेमाने नव्हे. कोणते गाव कोणास, कोणत्या अटीवर इनाम दिले होते, याचे उत्तर त्या मोडी कागदांत होते. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा दप्तराचे मोल एकदम वाढले. ज्याला आपला हक्क सिद्ध करता येत नसे त्याचे इनाम खालसा होण्याची भीती असे. आणि त्याचे म्हणणे पडताळण्याचे साधन प्रतिपक्षाच्या, म्हणजे सरकारच्याच कुलपात होते. हे रुमाल पुण्यातील ज्या कचेरीत राहिले तिला 'एलियनेशन ऑफिस' म्हणत, हे पुरेसे बोलके आहे.

अभ्यासकाने उतरवून घेतलेली नोंद उद्या दावेदाराच्या वकिलाकडे जाईल, ही धास्ती दप्तर बंद ठेवण्यामागे होती. तिच्या जोडीला राजकीय संशयही होता. अपवाद झाले. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून उतारे निवडले व न्या. म. गो. रानडे यांनी १९०० मध्ये त्यांवर विवेचन केले. वि. का. राजवाडे यांनी मात्र १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली ती मुख्यतः खाजगी घराण्यांच्या दप्तरांतून. सरकारी कागद बंद आणि घरचे कागद खुले, असा हा उलटा न्याय!

पुढे मुंबई सरकारने गो. स. सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपविले. जदुनाथ सरकार यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. हे उपकार मोठेच. तरीही निवड म्हणजे प्रवेश नव्हे. वाचकाला दिसले ते संपादकाने पुढे ठेवलेले, आणि त्यात राजकारण व मोहिमा यांचा भरणा अधिक होता. कुळे, बलुतेदार, गावचे तंटे बहुतांशी रुमालांतच राहिले.

कोणता कागद किती वर्षांनी खुला व्हावा, याचा सर्वांना सारखा लागू होणारा नियम त्या काळी नव्हता. परवानगी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) ने वीस वर्षांची रेषा आखली. तिच्यापलीकडे देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. खाजगीपणाचा अपवाद उरत नाही. इनामाच्या वादात मात्र शंभर वर्षांपूर्वीची सनदही जिवंत पुरावा ठरे.