प्लेगच्या जंतूची पोथी

जुन्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करू पाहणाऱ्या संशोधकापुढे दहा-वीस हस्तलिखिते येऊन पडली, म्हणजे तो प्रथम त्यांतील चुका तपासू लागतो. दोन पोथ्यांत एकच शुद्ध पाठ आढळला, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. परंतु दोहोंत एकाच ठिकाणी एकच विलक्षण चूक आढळली, तर त्या दोन्ही कोणा एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान करणे भाग पडते. नक्कलकाराच्या डुलकीतून अशा रीतीने पोथ्यांची वंशावळ उभी राहते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली आरंभिलेली व 1966 साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ह्याच पद्धतीचा, योग्य ते फेरफार करून, आश्रय घेऊन सिद्ध झाली.

हीच रीत गेल्या काही दशकांत रोगजंतूंच्या इतिहासास लावण्यात आली आहे. जंतूच्या पेशीत त्याच्या घडणीची जी समग्र संहिता असते, तिला जीनोम म्हणतात. ती अवघ्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि प्रत्येक पिढीत तिची नक्कल होते. नक्कल झाली की क्वचित चूक व्हावयाचीच, आणि ती चूक पुढील पिढ्यांत उतरावयाचीच. तेव्हा अनेक ठिकाणच्या जंतूंच्या संहिता शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, तर कोण कोणाचा पूर्वज व कोण कोणाचा भाऊबंद, हे सांगता येते. प्लेगचा जंतू हे ह्या विद्येचे उत्तम उदाहरण होय. आणि महाराष्ट्रीय वाचकास तर त्याची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी ह्या रोगाचे निदान केले. लवकरच तो पुण्यास पोहोचला. 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगास बळी पडल्या. गोऱ्या शिपायांकडून होणाऱ्या घरझडत्यांनी लोक त्रस्त झाले, आणि 22 जून रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या काळच्या वृत्तपत्रांनी ज्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले, त्या ह्या रोगाने पुढील तीन-चार दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. हा जंतू आला कोठून आणि इतका घातक झाला कशाने, हा प्रश्न त्या वेळीही विचारला जात होता. जंतू स्वतः 1894 साली हाँगकाँगमध्ये येरसिन ह्यांनी शोधून काढला होता, व तो उंदरांच्या पिसवांकरवी पसरतो असे 1898 साली कराचीत सिमाँ ह्यांनी दाखविले. परंतु त्याचे कुलवृत्त वाचण्याचे साधन त्या पिढीजवळ नव्हते.

ते साधन 2001 साली हाती आले. त्या वर्षी ह्या जंतूची सुमारे 46 लाख अक्षरांची संपूर्ण संहिता प्रसिद्ध झाली, आणि 2004 साली त्याच्या एका निकटच्या आप्ताचीही झाली. हा आप्त माती, पाणी व अन्न ह्यांतून पोटात जाणारा आणि बहुधा सौम्य विकार करणारा एक आतड्याचा जंतू आहे. दोन्ही संहिता ताडून पाहता असे दिसून आले की, प्लेगचा जंतू हा ह्या साध्या जंतूपासून, उत्क्रांतीच्या कालमानाने पाहता, अगदी अलीकडे निपजलेला वंशज आहे. कुलीन घरातील एखादा मुलगा दरवडेखोर निघावा, तसाच हा प्रकार.

हा बदल घडला कसा? पोथ्यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर थोडे प्रक्षेप आणि पुष्कळ गळती ह्यांनी. प्रक्षेप असे की, ह्या जंतूने प्लाझ्मिड नावाच्या जनुकांच्या दोन लहान चकत्या बाहेरून मिळविल्या. त्यांपैकी एकीवरील एक जनुक त्यास पिसवेच्या पोटात तगून राहण्यास साहाय्य करते, व दुसरीवरील जनुक माणसाच्या शरीरात वेगाने फैलावण्यास. गळती अशी की, सुमारे दीडशे जनुके बिघडून निरुपयोगी झाली. त्यांतील एक जनुक असे होते की, ज्याच्या कार्यामुळे तयार होणारे द्रव्य पिसवेस विषारी ठरे. ते बिघडताच पिसू जिवंत राहू लागली आणि जंतूस वाहन मिळाले. आतड्यात राहण्यासाठी लागणारी हत्यारे ज्यास आता नको होती, त्याने ती टाकून दिली. हानी हीच येथे सामर्थ्य ठरली.

ह्या कथेचा क्रम जुन्या सांगाड्यांच्या दातांतून निघालेल्या संहितांनी लावून दिला. 2015 साली युरेशियातील कांस्ययुगीन मनुष्यांच्या दातांत हा जंतू आढळला. सर्वांत जुना नमुना सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा होता; परंतु त्यांपैकी बहुतेकांत पिसवेत तगण्याचे ते जनुक नव्हतेच. म्हणजे प्लेग माणसास होत होता, पण पिसवांकरवी पसरणारा गाठीचा प्लेग होण्यास अजून अवकाश होता. पुढे 541 सालानंतरच्या जस्टिनियनच्या काळातील महामारीचा जंतू जर्मनीतील थडग्यांतून मिळाला, आणि त्याची शाखा वंशहीन होऊन संपल्याचे दिसले. 1338-39 साली किरगिझस्तानातील इसिक-कुल सरोवराजवळच्या एका स्मशानात मृत्युलेखांची संख्या अकस्मात वाढलेली आढळते; काही दगडांवर सिरियाक लिपीत महामारीचा उल्लेख कोरलेला आहे. 2022 साली तेथील दातांतून निघालेला जंतू, 1347 पासून युरोपास ग्रासणाऱ्या काळ्या मृत्यूच्या वंशाच्या मुळाशीच बसलेला निघाला. दगडावरील सनावळी आणि दातांतील अक्षरे, दोन निराळ्या साक्षीदारांनी एकच जबानी द्यावी, असा हा दुर्मिळ योग होय. 1894 च्या हाँगकाँगमधून जगभर पसरलेली व मुंबईस आलेली साथ ह्याच शाखेच्या वंशातील मानली जाते.

येथवर ह्या विद्येचा विजय निर्विवाद आहे. परंतु ह्यापुढे तिने एक असे उत्तर दिले की, जे पुष्कळांस अपेक्षित नसावे. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथील स्मशानात 1348 ते 1350 ह्या काळात पुरलेल्या माणसांच्या दातांतून 2011 साली त्या महामारीच्या जंतूची संहिता जोडण्यात आली. तिच्यात असे काही विशेष अक्षर आढळले नाही, की जे आजच्या जंतूंत नाही व ज्यावर युरोपच्या त्या भयंकर संहाराचे खापर फोडता येईल. जंतू जवळजवळ तोच. फरक होता तो काळाचा, हवामानाचा, वाहक प्राण्यांचा आणि ज्यांच्यावर तो आला त्या माणसांच्या स्थितीचा.

हा निष्कर्ष मुंबई-पुण्याकडे वळून पाहणाऱ्यास अंतर्मुख करणारा आहे. मांडवीच्या चाळींत एका खोलीत दहा-दहा माणसे राहत होती व गोदामांतील धान्यावर उंदीर पोसले जात होते. आणि त्याच शहराच्या मोकळ्या युरोपीय वस्तीत मृत्यूचे प्रमाण फारच थोडे होते. दोन्हीकडे जंतू एकच होता. 1898 साली सरकारने नगरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, तेव्हा त्या व्यवस्थेची थोडीशी कबुलीच दिली म्हणावयाची. परंतु तत्पूर्वी कित्येक महिने सारा भर रोग्याला, त्याच्या घराला व त्याच्या आचारांना दोष देण्यावर होता.

ह्या विद्येस उत्साहाने ‘इतिहासाची पोथी’ म्हणणारांनी म्हणूनच एक गोष्ट ध्यानी ठेवावी. जंतूची संहिता त्याचा प्रवास सांगते. तो ज्या दारी थांबला, त्या दारी माणसे कशी राहत होती, हे ती सांगत नाही. तिच्या कालगणनेसही मर्यादा आहेत, कारण चुका साठण्याचा वेग सर्व काळी सारखा नसतो, आणि जे दात सापडले तेवढ्यांचीच साक्ष घेता येते. जो प्रश्न तिने सोडविला, तो होता ‘कोठून’. ‘इतके का मेले’ ह्या प्रश्नाचे उत्तर मांडवीच्या नकाशात, नगरपालिकेच्या दप्तरात आणि भाड्याच्या खोल्यांत शोधावे लागते. जंतूंच्या पोथ्या आता वाचता येऊ लागल्या, ह्यात संशय नाही. माणसांच्या पोथ्या वाचण्याचे काम मात्र अद्यापि इतिहासकाराकडेच आहे.