दाखले, पॅटर्न आणि संत्र्याचा डोळा

नात अमरावतीला इंजिनिअरिंग करते. दिवाळीत अकोल्याला आली ती लॅपटॉपसकट. शाळेचे दाखले छापायचा प्रोग्रॅम लिहायचा होता. बोनाफाईड, टी.सी., गुणपत्रिका... नवा प्रकार आला की दहा ठिकाणी खोडाखोड. "आजोबा, वस्तू घडवायचे पाच पॅटर्न आहेत. कोणता घेऊ?" मी मराठी माध्यमाचा बी.ए. पण नातीने शंका विचारल्यावर मास्तर गप्प बसतो होय? शोधत गेलो.

मौज म्हणजे या गोष्टीचे एक मूळ गुजरातेत सापडले. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा वास्तुविशारद १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या बावरा गावी काही महिने राहिला होता. १९६४च्या पुस्तकात त्याने ६०० वस्तीच्या भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडून कोणती कशात गुंतलीय ते तपासले. १९७७ साली सहकाऱ्यांसह घरे-गावे बांधण्याचे २५३ पॅटर्न दिले. पॅटर्न म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचा कसाला उतरलेला उपाय. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी ही कल्पना प्रोग्रॅमिंगमध्ये आणली. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन, व्लिसिडीस या चौघांच्या पुस्तकात २३ पॅटर्न आले. त्यांतले पाच वस्तू घडवण्याचे: सिंगलटन, बिल्डर, दोन फॅक्टऱ्या आणि प्रोटोटाइप.

नातीने प्रोटोटाइप धरला होता. तयार दाखल्याची नक्कल करायची, नाव बदलायचे. अहो, हे तर आपले संत्र्याचे कलम! वरुडकडे जंभेरीच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात, झाड त्या झाडासारखेच होते. आमच्या वडिलांनीही अशी कलमे लावली. डोळे कोणत्या झाडाचे, हे मात्र विचारले नाही. संत्र्याला फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर खत-पाणी-कर्ज सगळे होऊन जाते. बहार आला तेव्हा फळ बारीक, फांद्या वाळलेल्या. रोग डोळ्यातूनच आला होता. मी बी.ए.ला असताना बाग तोडली. वडील एवढेच म्हणाले, "डोया पाहून घ्याले पाह्यजे होता."

म्हणून नातीला विचारले, नक्कल पुरती होते की वरवरची? तिने करून पाहिले. एका मुलीचे गणिताचे गुण ७२ केले, तर दुसरीचेही ७२! कागद दोन झाले, पण गुणांची यादी दोघींत एकच, सामाईक विहिरीसारखी. असली गुणपत्रिका शाळेतून गेली असती तर?

मग आम्ही आधी बदलणार काय ते पाहिले. बदलतो दाखल्याचा प्रकार. तेव्हा फॅक्टरी मेथड. मागणाऱ्याने फक्त 'दाखला' म्हणायचे, कोणता घडवायचा ते त्या त्या प्रकारासाठी लिहिलेला वर्ग ठरवतो. (त्यांच्याकडेही 'वर्ग'च असतात, हे ऐकून बरे वाटले.) नवा प्रकार आला की नवा वर्ग लिहायचा, जुन्यांना हात लावायचा नाही.

टी.सी. मात्र टप्प्याटप्प्याने भरावी लागते: फी, ग्रंथालय, मुख्याध्यापकांची सही. तिथे बिल्डर हवा असे माझे मत. "एवढ्याशा कागदाला कशाला?" असे तिचे. काल फोनवर पुन्हा तोच वाद झाला.