जोसेफ विर्शिंग : ‘पाकीज़ा’ला नजर देणारा जर्मन कॅमेरामन

‘पाकीज़ा’चं नाव निघालं की आपल्या घरांत लगेच मीनाकुमारी आठवते. मग कमाल अमरोही यांची जुबान, गुलाम मोहम्मद यांचं संगीत, लखनवी पेहराव, झुंबरं आणि कारंजी. नवाबी तहजीब पडद्यावर कशी दिसते, हे विचारलं तर आजही बहुतेक जण याच सिनेमाकडे बोट दाखवतात. पण ते सगळं ज्याच्या कॅमेऱ्यातून आपण पाहिलं, तो माणूस ना लखनौचा होता ना अमरोह्याचा. तो जर्मनीतल्या म्युनिक शहराचा होता. त्याचं नाव जोसेफ विर्शिंग.

म्युनिक ते मालाड

विर्शिंग यांचा जन्म 1903 सालचा. म्युनिकच्या एमेल्का या फिल्म कंपनीत ते कॅमेऱ्याचं काम शिकले. गौतम बुद्धांच्या जीवनावरचा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट 1925 मध्ये भारतात चित्रित झाला. हिमांशु राय आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या त्या चित्रपटासाठी विर्शिंग पहिल्यांदा इथे आले. तेव्हा ते जेमतेम 22 वर्षांचे होते.

1934 मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मुंबईत मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ सुरू केली. कामाला शिस्त हवी आणि तंत्र पक्कं हवं, म्हणून त्यांनी जर्मन तंत्रज्ञ बोलावले. ऑस्टेन दिग्दर्शक झाले आणि कॅमेरा विर्शिंग यांच्या हाती आला. ‘जवानी की हवा’ (1935), ‘अछूत कन्या’ (1936), ‘जीवन नैया’ (1936), ‘कंगन’ (1939) असे डझनभराहून जास्त सिनेमे त्यांनी चार-पाच वर्षांत चित्रित केले.

भाषा येत नसतानाही त्यांचं काम अडलं नाही, कारण कॅमेरामनची भाषा उजेडाची असते. समोरून एकच झगझगीत दिवा टाकला की चेहरा सपाट दिसतो. उजेड एका बाजूने आला, दुसरी बाजू थोडी अंधारात राहिली आणि मागून केसांवर हलकी किनार पडली की तोच चेहरा जिवंत होतो. जर्मन सिनेमात सावलीचा हा वापर फार पुढे गेला होता. विर्शिंग यांनी तो इथल्या चेहऱ्यांना आणि इथल्या कथांना साजेल असा केला. ‘अछूत कन्या’ ही दलित मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाची कथा. त्यातले देविका राणीचे जवळून घेतलेले चेहरे पाहिले की हे लगेच कळतं.

याच स्टुडिओच्या लॅबोरेटरीत काम करणारा एक तरुण ‘जीवन नैया’त अचानक नायक झाला. तो म्हणजे अशोक कुमार. पुढे ‘महल’ आणि ‘पाकीज़ा’तही तो विर्शिंग यांच्या कॅमेऱ्यासमोर होता.

छावणीतली वर्षं

सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू झालं. जर्मनीचे नागरिक म्हणून इंग्रज सरकारने इथल्या जर्मनांना ताब्यात घेतलं. मुंबई इलाख्यातल्या अशा लोकांची मोठी छावणी आपल्या अहमदनगरला होती, त्यानंतर देवळाली आणि डेहराडूनलाही छावण्या झाल्या. विर्शिंग यांचीही ती वर्षं नजरकैदेत गेली. काल स्टुडिओत सन्मानाने काम करणारा माणूस एका रात्रीत शत्रू ठरला, तोही पासपोर्टमुळे. ऐन तिशीतली, कारागिराच्या भराची वर्षं हातून गेली. ऑस्टेन सुटून जर्मनीला परत गेले. विर्शिंग मात्र युद्ध संपल्यावर मुंबईतच राहिले आणि पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

‘महल’ : अंधाराचा सिनेमा

1949 मध्ये बॉम्बे टॉकीजने ‘महल’ काढला. कमाल अमरोही यांचं हे पहिलं दिग्दर्शन, आणि मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची. जुनी हवेली, भिंतीवरचं चित्र, हलणारा झोका, रात्रीची नदी. यात भुताचा मेकअप नाही की कुठली जादू नाही. जी भीती वाटते ती अंधारातून येते. काय दाखवायचं यापेक्षा काय झाकायचं, हे विर्शिंग यांना नेमकं ठाऊक होतं. हिंदी सिनेमात नंतर हवेली आणि पुनर्जन्माच्या ज्या गोष्टी आल्या, त्यातल्या कितीतरींवर ‘महल’ची सावली आहे.

इथून कमाल अमरोही आणि विर्शिंग यांची जोडी जमली. अमरोहींची निर्मिती असलेला, मीनाकुमारीचा ‘दिल अपना और प्रीत पराई’ (1960) विर्शिंग यांनीच चित्रित केला.

‘पाकीज़ा’ : पूर्ण न पाहिलेलं काम

‘पाकीज़ा’चं काम 1950 च्या दशकात सुरू झालं, तेही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. मग रंगीत फिल्म आली, तेव्हा रंगात सुरुवात झाली. त्यानंतर सिनेमास्कोप आला. यात खास लेन्स रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवते आणि थिएटरमध्ये ते पुन्हा पसरून मोठ्या पडद्यावर दिसतं. अमरोहींना तेही हवं होतं, म्हणून पुन्हा नव्याने काम.

कॅमेरामनसाठी हे साधं नाही. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फक्त उजेड-अंधार सांभाळायचा असतो, रंगात प्रत्येक ओढणीचा आणि गालिच्याचा हिशोब ठेवावा लागतो. रुंद पडद्यावर तर रिकामी जागाही भरावी लागते. कोठ्यावरच्या मुजऱ्यात साहिबजान समोर नाचते आणि मागे दूरवरच्या कोठ्यांवर इतर मुली नाचताना दिसतात, ते आठवा. एकाच चौकटीत एक बाई आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी. संवाद नसतानाही पूर्ण कहाणी कळते.

1964 मध्ये कमाल अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि सिनेमा थांबला. 1967 मध्ये विर्शिंग यांचं मुंबईत निधन झालं. 1968 मध्ये संगीतकार गुलाम मोहम्मदही गेले. 1969 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा इतर नामांकित कॅमेरामननी उरलेला भाग पूर्ण केला आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी सांभाळलं. 4 फेब्रुवारी 1972 रोजी मुंबईच्या मराठा मंदिरला ‘पाकीज़ा’ झळकला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 31 मार्चला मीनाकुमारीही गेली. नंतर आलेल्या कॅमेरामनना विर्शिंग यांनी ठरवलेली उजेडाची पद्धत सांभाळावी लागली. श्रेयनामावलीत छायाचित्रणासाठी विर्शिंग यांचंच नाव आहे.

उरलेला ठेवा

विर्शिंग सिनेमाच्या सेटवर स्वतः फोटोही काढत. असे हजारो फोटो आणि निगेटिव्ह त्यांच्या कुटुंबाने गोव्यात जपून ठेवले. डिसेंबर 2017 मध्ये गोव्यातल्या सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. बॉम्बे टॉकीजचे जुने सिनेमे आज सहज पाहायला मिळत नाहीत, म्हणून या फोटोंची किंमत मोठी आहे.

आपली तहजीब म्हणून आपण ‘पाकीज़ा’ अभिमानाने दाखवतो, आणि दाखवावाच. पण त्याच वेळी मुलांना हेही सांगावं, की या तहजीबकडे इतक्या अदबीने पाहणारा एक माणूस परक्या मुलखातून आला होता. त्याला शत्रू म्हणून छावणीत ठेवलं गेलं, तरी तो याच शहरात राहिला आणि इथेच संपला. माणूस कुठला आहे, हे त्याच्या पासपोर्टवरून ठरवायचं की त्याने आयुष्य कशावर खर्च केलं यावरून? पुढच्या वेळी ‘पाकीज़ा’ लावाल तेव्हा सुरुवातीची नावं पुढे ढकलू नका. छायाचित्रणाचं नाव येईपर्यंत थांबा आणि ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.